सॅमयांग १३५ मिमी एफ/२: काच अव्वल, बाकीचं तुमच्या हातात

सॅमयांगने ही लेन्स काढली ती पोर्ट्रेटसाठी. २०१५ पासून ती मिळते. ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझर नाही, आणि बहुतेक आवृत्त्यांत कॅमेऱ्याशी बोलायला चिपसुद्धा नाही. हलत्या माणसाच्या डोळ्यावर एफ/२ ला हाताने फोकस धरणं म्हणजे दिव्यच. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना यातलं काहीच अडत नाही. अंधारात ऑटोफोकस तसाही चाचपडतो, स्टॅबिलायझर बंदच ठेवावा लागतो आणि ॲपर्चर एकदा लावलं की रात्रभर तेच. उरते ती काच, आणि ती या लेन्समध्ये पहिल्या दर्जाची आहे. रोकिनॉन या नावाने मिळते तीही हीच लेन्स. नाव वेगळं, आतलं सगळं तेच.

निकाल आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवत ठेवणारं यंत्र) असेल आणि ५० मिमीच्या पुढे जायचं असेल, तर दुर्बिणीच्या वाटेला जाण्याआधी ही घ्या. ट्रॅकर नसेल तर आधी ट्रॅकर घ्या, लेन्स नंतर. डोंगरावर उभी राहिलेली आकाशगंगा, खाली तंबू, असे फोटो हवे असतील तर ही लेन्स तुमच्यासाठी नाहीच. त्याला १४ ते २४ मिमी लागतं.

फ्रेममध्ये काय मावतं

फुल फ्रेम सेन्सरवर १३५ मिमीला साधारण १५ अंश बाय १० अंश आकाश येतं, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर १० बाय ६.६ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, त्यावरून अंदाज करा. देवयानी दीर्घिका लांबीला सुमारे ३ अंश भरते. एपीएस-सीवर ती मधोमध छान बसते आणि भोवती मोकळी जागाही राहते. मृग नक्षत्राचा पट्टा आणि खालची तलवार एका फ्रेममध्ये आरामात येतात. फुल फ्रेम असेल तर बार्नार्डच्या कड्याचाही, म्हणजे मृगाभोवतीच्या लाल तेजोमेघाच्या कमानीचाही, मोठा भाग पकडता येतो. ज्येष्ठा तारा, शेजारचा एम ४ गुच्छ आणि ऱ्हो ऑफियुकी भोवतीचे पिवळे-निळे धुळीचे ढग ही तर या लेन्सची हुकमी फ्रेम. हंस तारकासमूहातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ, धनूतले एम ८ आणि एम २० तेजोमेघ, झालंच तर लांब शेपटीचा धूमकेतू, सगळं या मापात बसतं.

कृत्तिका आणि कॅलिफोर्निया तेजोमेघ एकाच फ्रेममध्ये घ्यायचा मोह अनेकांना होतो. दोघांमधलं अंतर १२ ते १३ अंश. म्हणजे फुल फ्रेमच्या लांब बाजूवर ते जेमतेम मावतात, आणि कॅमेरा फिरवून ती बाजू दोघांच्या रेषेत आणावी लागते. एपीएस-सीवर दोन फ्रेम जोडून मोझॅक करण्याला पर्याय नाही. दोन फ्रेममध्ये किमान २० टक्के भाग समान ठेवा, नाहीतर जोडताना सांधा दिसतो.

यात दीर्घिकांच्या सर्पिल भुजा किंवा ग्रह यांची अपेक्षा ठेवू नका. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनच्या आसपास असतो. या लेन्सवर असा एक पिक्सेल आकाशातल्या ६ विकलांना झाकतो. एका अंशात ३६०० विकला. गुरूचं बिंब सात-आठ पिक्सेलचा ठिपका होतं, त्यापलीकडे काही नाही.

एफ/२ चा अर्थ

१३५ ला २ ने भागलं की ६७.५ मिमी. एवढं मोठं तोंड या लेन्सला आहे. ५० मिमी एफ/१.८ चं तोंड २८ मिमीचं असतं. म्हणजे एका ताऱ्याचा प्रकाश ही लेन्स त्याच्या जवळजवळ सहापट गोळा करते. तेजोमेघासारख्या पसरट गोष्टींसाठी हिशोब वेगळा, तिथे एफ आकडाच बोलतो. २५० मिमी एफ/४.९ ची छोटी दुर्बीण घेतली तर सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर ही लेन्स सहापट वेगाने प्रकाश भरते. दुर्बिणीवर सहा तास लागतील त्या खोलीपर्यंत इथे एका तासात पोचता, अर्थात बारकावे कमी. कामाचा दिवस संपवून रात्री दोन-तीन तासच मिळत असतील तर हा फरक मोठा आहे.

तोंड मोठं असलेल्या बऱ्याच लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या की कोपऱ्यातले तारे पक्ष्यांसारखे पसरतात. इथे ते होत नाही. ७ गटांत ११ भिंगं, त्यातलं एक ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेचं, एवढ्या साध्या वाटणाऱ्या रचनेत एफ/२ लाच एपीएस-सीचा कोपरा स्वच्छ मिळतो. फुल फ्रेमच्या अगदी टोकाला तारे थोडे लांबट दिसतात, तेही शंभर टक्के झूम करून शोधलं तर. तेजस्वी ताऱ्यांभोवती निळसर-जांभळी कड मात्र एफ/२ ला येते. एफ/२.८ ला ती जवळपास जाते. कोपऱ्यातला अंधारही एफ/२ ला बऱ्यापैकी आहे, त्यामुळे फ्लॅट फ्रेम, म्हणजे तो अंधार नंतर काढून टाकण्यासाठी एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो, टाळून चालत नाही. फ्लॅट नसतील तर स्टॅक केलेल्या (अनेक फोटो एकावर एक रचून केलेल्या) फोटोत कॉन्ट्रास्ट ताणला की मधोमध उजेडाचं वर्तुळ उगवतं आणि ते तेजोमेघ आहे की लेन्सचा दोष हे कळेनासं होतं.

फ्लॅटसाठी लेन्सच्या तोंडावर पांढऱ्या कापडाचे दोन थर ताणून बसवा, वर एकसारखा उजेड देणारा टॅब्लेट किंवा एलईडी पॅनेल ठेवा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मधोमध येईल असं शटर लावा आणि २० ते ३० फ्रेम घ्या. फोकस, ॲपर्चर, कॅमेऱ्याची लेन्सवरची स्थिती आणि हूड, सगळं रात्री होतं तसंच. शटर फार वेगाचं झालं तर काही पॅनेलच्या लुकलुकण्याचे पट्टे फ्लॅटमध्ये उतरतात. कापडाचे थर वाढवून ते १/३० सेकंदापेक्षा सावकाश करा.

फोकस: खरी परीक्षा इथे

या लेन्सबद्दलच्या दहा तक्रारींतल्या आठ फोकसच्या असतात, आणि दोष बहुतेक वेळा काचेचा नसतो. एफ/२ ला सेन्सरजवळ फोकस बरोबर असण्याची जागा जेमतेम १० मायक्रॉनची असते, केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याएवढी. एफ/२.८ ला ती दुप्पट होते. रिंगवरची अनंताची खूण यात काही कामाची नाही. रिंग अनंताच्या पुढेही फिरते आणि तसं असणं चांगलंच, कारण तापमान बदललं तरी फोकसला दोन्ही बाजूंनी जागा उरते. पण रिंग टोकाला नेऊन सोडली आणि फोटो काढले, तर रात्रभर फुगलेले तारेच मिळतील.

क्रम असा ठेवा. लेन्स बाहेर काढून निदान अर्धा तास हवेला ठेवा. दवासाठी हीटर लावणार असाल तर तो आत्ताच चालू करा. फोकस झाल्यावर लावला तर नळी तापून फोकस सरकतो. ॲपर्चर जे वापरणार तेच लावा. दुसऱ्या प्रतीचा एखादा तारा निवडा, व्याध किंवा अभिजितसारखा झगझगीत नको. तो स्क्रीनवर जळून जातो आणि आकार कळत नाही. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करा. रिंग टोकापासून सावकाश मागे आणा. तारा लहान होत जाईल. फोकसच्या एका बाजूला त्याच्या कडेला लालसर-जांभळी झाक असते, दुसऱ्या बाजूला हिरवट-निळी. या दोन्ही झाका जिथे संपतात ती जागा पकडा. आता त्या ताऱ्याकडे बघणं सोडा आणि शेजारचे अंधुक तारे बघा. फोकस नेमका झाला की आधी न दिसणारे दोन-चार बारीक तारे स्क्रीनवर उमटतात, आणि जरा हललं की विझतात. मोठ्या ताऱ्याच्या आकारापेक्षा ही खूण जास्त विश्वासाची.

रिंग पुढे गेली तर तिथूनच मागे आणू नका. पुन्हा टोकापर्यंत नेऊन त्याच दिशेने या. आतल्या आट्यांत थोडी ढील असते, आणि दिशा बदलली की रिंग फिरते पण भिंग हलत नाही.

मग १० सेकंदांचा एक फोटो काढून बघा. इथे एक बारकावा आहे. तारा फ्रेमच्या अगदी मधोमध ठेवून फोकस करण्यापेक्षा मध्यापासून कोपऱ्याकडे साधारण एक-तृतीयांश अंतरावर ठेवून करा. मध्यातली धार नावाला कमी होते, कोपरे बरेच सुधारतात.

रिंगचा व्यास ८ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिच्या कडेवर बोट १ मिमी सरकलं तर रिंग जवळजवळ दीड अंश फिरते. एफ/२ साठी हे फार झालं. त्यावर सोपा इलाज: रिंगभोवती रबराची पट्टी घालून वर पाइपचा क्लॅम्प आवळा आणि त्याला एक हलकी पट्टी दांड्यासारखी अडकवा. लेन्सच्या मध्यापासून दांड्याचं टोक १५ सेंटिमीटरवर असेल तर टोक १ मिमी हलवल्यावर रिंग ०.४ अंशच फिरते. क्लॅम्प जेमतेम धरेल इतकाच आवळा. जास्त आवळला तर रिंग जड होते आणि मग ती धक्क्याधक्क्याने हलते.

बाख्तिनोव मास्क (फोकस तपासायला लेन्सपुढे लावायची फटींची जाळी) वापरणाऱ्यांसाठी इशारा. दुर्बिणीसाठी बनवलेल्या मास्कच्या फटी रुंद असतात. १३५ मिमीवर त्यातून येणाऱ्या प्रकाशरेघा इतक्या आखूड पडतात की मधली रेघ मधोमध आहे की नाही हे सांगता येत नाही. या लेन्ससाठी एक फट आणि एक पट्टी मिळून १ मिमीच्या आसपास असलेला बारीक मास्क लागतो. प्लास्टिक कापून तो नीट होत नाही. पारदर्शक ॲक्रिलिकवर रेषा कोरलेले मिळतात, ते घ्या. आणि फोटोला सुरुवात करण्याआधी मास्क काढायला विसरू नका, हे सांगायची गरज नसावी, पण असते.

फोकस झाला की रंगाऱ्यांची कागदी टेप लावा, अर्धी रिंगवर, अर्धी नळीवर. टेप दाबताना रिंग हलते, म्हणून टेप लावल्यावर पुन्हा एक फोटो काढून तपासा. तापमान २-३ अंशांनी उतरलं की फोकस परत बघायचा. संध्याकाळी झपाट्याने थंड होणाऱ्या हवेत ही वेळ दर अर्ध्या तासाने येते, मध्यरात्रीनंतर तासाभराने आली तरी चालतं. कडाक्याच्या थंडीत रिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, तेव्हा हळू हात ठेवा. याच लेन्सची टी२.२ अशी सिनेमासाठीची आवृत्ती येते. काच तीच, फोकस रिंगला दाते आहेत. पुढेमागे फोकसची मोटर लावायचा विचार असेल तर ते दाते आयते कामाला येतात. तिची ॲपर्चर रिंग मात्र टकटक न वाजता सरकते, त्यामुळे टेप तिलाही लावावी लागते.

ट्रॅकरवर ती किती माफ करते

ट्रायपॉडवर नुसता कॅमेरा ठेवून ५०० चा नियम (५०० ला फोकल लेंग्थने भागलं की तेवढे सेकंद; एपीएस-सीला आणखी दीडने भागायचं) लावणाऱ्यांसाठी हे आकडे. विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. नियमाप्रमाणे फुल फ्रेमला ३.७ सेकंद आणि एपीएस-सीला २.५ सेकंद चालायला हवेत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर दोन्हीकडे तारा सहा पिक्सेल लांब होतो. म्हणजे बिंदू नाही, चक्क रेघ. खरोखर गोल तारे हवे असतील तर १ सेकंदाच्या वर जाऊ नका. आयएसओ ३२०० ते ६४००, एफ/२, १ सेकंद, असे हजारभर फोटो काढून स्टॅक केले तर देवयानीची कड आणि मृगाचा तेजोमेघ निघतो. पण दर पाच मिनिटांत आकाश सव्वा अंश सरकतं, तेव्हा फ्रेम पुन्हा पुन्हा जुळवत बसावं लागतं, आणि शटरही झिजतं. चव बघायला हरकत नाही, नेहमीची पद्धत म्हणून नको.

ट्रॅकरवर आली की हीच लेन्स बरीच दयाळू होते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अजून ४० कलांच्या (एका अंशात ६० कला) आसपास दूर आहे. पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष खऱ्या ध्रुवाशी जुळवणं) न करता ट्रॅकरचा अक्ष नुसता ध्रुवताऱ्यावर रोखला, तर मिनिटाला १० विकलांपर्यंत घसरण होते. दोन मिनिटांत २० विकला, म्हणजे तीन पिक्सेलच्या वर. तेच ध्रुवदर्शक दुर्बिणीतून तारा नेमक्या जागी ठेवून चूक ५ कलांवर आणली, तर दोन मिनिटांत २.६ विकला, म्हणजे अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. त्यापुढे घासत बसण्यात अर्थ नाही. तो वेळ फोकसला द्या. अलाइनमेंट करताना कॅमेरा-लेन्स ट्रॅकरवर चढवलेलीच असू दे. नंतर चढवली की वजनाने ट्रायपॉड किंचित वाकतो आणि केलेलं पाण्यात.

खरा अडथळा ट्रॅकरच्या गियरचा असतो. वर्म, म्हणजे गियर फिरवणारा स्क्रू, एक फेरा पूर्ण करेपर्यंत तारा थोडा पुढे, थोडा मागे डुलतो. समजा दहा मिनिटांच्या फेऱ्यात ही डुलणी ४० विकलांची आहे. तर सगळ्यात वेगाच्या जागी ६० सेकंदांत १२-१३ विकला सरकतील, म्हणजे दोन पिक्सेल; ३० सेकंदांत एकच. म्हणून मोजून ठेवा: वीसेक मिनिटं सलग ३० सेकंदांचे फोटो काढा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक तारा कसा हलतो ते बघा. तुमच्या ट्रॅकरला ६० सेकंद झेपतात की ३०, हे त्या फोटोंतून कळेल. एफ/२ ला ३० सेकंद म्हणजे एफ/४ ला दोन मिनिटं, तेव्हा एक्सपोजर आखूड ठेवल्याचं दुःख नको.

अंधाऱ्या आकाशाखाली आयएसओ ८०० आणि ६० सेकंद हा चांगला आरंभ. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला आणि पाव ते एक-तृतीयांश अंतरावर हवा. गावाच्या उजेडात १५ ते २० सेकंदांतच तो तिथे पोचतो. जास्त ताणलं तर ताऱ्यांचा रंग जातो, सगळे पांढरे ठिपके होतात. एकूण दोन तासांचं लक्ष्य ठेवा. दर दहा-पंधरा फोटोंनंतर फ्रेम दहा-वीस पिक्सेलने मुद्दाम हलवा, दर वेळी वेगळ्या दिशेने. हे केलं नाही तर स्टॅकमध्ये सेन्सरचा नॉइज (दाणेदारपणा) तिरक्या रेघांनी झिरपलेला दिसतो आणि तो काढायला कुठलंच सॉफ्टवेअर नीट मदत करत नाही. स्टॅकिंगसाठी सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर, दोन्ही फुकट आहेत आणि पुरेसे आहेत.

वजन सुमारे ८३० ग्रॅम, माउंटनुसार (कॅमेऱ्याला जोडायच्या बैठकीनुसार) थोडं इकडेतिकडे. कॅमेरा धरून दीड-पावणेदोन किलो होतं, ते बहुतेक ट्रॅकर पेलतात. पण लेन्सला स्वतःची ट्रायपॉड रिंग नाही, ही तिची मोठी उणीव. कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूवर सगळं टांगलं तर पुढचा भार माउंटवर येतो, ट्रॅकर फिरत जाईल तसा तो भार बाजू बदलतो आणि तारे एका कडेला लांबट होत जातात. या लेन्ससाठी दोन कड्यांचे पाळणे बनवून मिळतात, ॲल्युमिनियमचे किंवा थ्रीडी प्रिंट केलेले. लेन्सबरोबरच तो घ्यायचा असं समजा. कडं फोकस रिंगवर बसत नाही ना, तेवढं बघून घ्या.

पाती आणि टोकं

डायफ्रॅमला नऊ पाती आहेत. विषम संख्येची पाती दुप्पट टोकं देतात, त्यामुळे एफ/२.८ ला प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला अठरा किरणं फुटतात. काहींना आवडतात. मला ज्येष्ठाभोवती ती दागिन्याच्या जाहिरातीसारखी वाटतात. एफ/२ ला पाती वाटेतच नसतात, तारे गोल येतात.

मधला मार्ग म्हणजे पुढे ७७ मिमीच्या फिल्टर आट्यांवर स्टेप-डाउन रिंग लावायची आणि लेन्स एफ/२ वरच ठेवायची. ७७ वरून ५८ वर नेणाऱ्या रिंगचं भोक ५६ मिमीच्या आसपास असतं, ते एफ/२.४ होतं. ५२ ची लावली तर एफ/२.७. भोक गोल असल्यामुळे किरणं येत नाहीत, निळी कडही कमी होते. दोष असा की भोक लेन्सच्या पुढे असल्याने कोपरे जास्त काळवंडतात, फुल फ्रेमवर ते लगेच जाणवतं. एपीएस-सीला हा उपाय सुरेख. फुल फ्रेमवाल्यांनी सरळ एफ/२ वर राहावं आणि निळी कड नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढावी.

दव

पुढची काच मोठी, त्यामुळे आकाशाकडे उष्णता टाकून ती पटकन गार होते आणि दव धरते. बरोबर येणारा हूड उपयोगी आहे, पुरेसा नाही. ५ व्होल्टची यूएसबी हीटर पट्टी हूडच्या लगेच मागे गुंडाळा, सगळ्यात कमी पायरीवर ठेवा. काच भिजल्याची पहिली खूण म्हणजे ताऱ्यांभोवती मऊ प्रभा आणि हिस्टोग्राम डावीकडे सरकणं. कपड्याने पुसू नका. हीटर वाढवून वाळू द्या आणि फोकस परत करा.

फिल्टर आणि थंड कॅमेरे

साध्या कॅमेऱ्यातली फिल्टरची काच हायड्रोजन-आल्फाच्या ६५६ नॅनोमीटर लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवते. तेव्हा बार्नार्डचं कडं किंवा कॅलिफोर्निया तेजोमेघ साध्या कॅमेऱ्यावर फिका येतो, यात लेन्सचा दोष नाही. दीर्घिका, कृत्तिकांची निळी धूळ, ऱ्हो ऑफियुकी हे साध्या कॅमेऱ्यावरही उत्तम.

अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावणार असाल तर जागेचा विचार करा. एफ/२ ला सेन्सरकडे येणारा प्रकाशाचा शंकू इतका पसरट असतो की कडेचे किरण १४ अंशांनी तिरके येतात. तिरक्या किरणांसाठी फिल्टरचा पट्टा ४-५ नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो. ३ नॅनोमीटरचा फिल्टर सेन्सरपुढे लावला तर हवा असलेला प्रकाश तोच अडवतो. वेगवान लेन्ससाठी मुद्दाम बनवलेला फिल्टर घ्या, नाहीतर ७ नॅनोमीटर किंवा रुंद पट्ट्याचा. पुढे ७७ मिमीच्या आट्यांवर लावला तर किरण फ्रेमच्या कोनाएवढेच, म्हणजे कोपऱ्यात ९ अंशांपर्यंतच तिरके असतात. पण तेवढ्या मापाचे चांगले अरुंद फिल्टर सहज मिळत नाहीत.

थंड करायच्या खगोल कॅमेऱ्याला कॅनन ईएफ माउंटची आवृत्ती जोडताना माउंटच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी हवेत. कॅमेऱ्याचे स्वतःचे १७.५ मिमी असतील तर ॲडॅप्टरला २६.५ उरतात. मधे २ मिमी जाडीचा फिल्टर असेल तर त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे ०.७ मिमी आणखी जोडा. अंतर थोडं चुकलं तरी लेन्स अनंताला फोकस होते, म्हणून अनेकांना चूक कळतच नाही. बिघडलेले कोपरे मात्र ती सांगतात.

घेतल्यावर पहिल्या रात्री

प्रत्येक नग सारखा निघत नाही, ही या लेन्सची जुनी आणि सर्वश्रुत गोष्ट आहे. परत करण्याची मुदत असतानाच तपासा. डोक्यावरच्या ताऱ्यांच्या गर्दीचा, एफ/२ ला, ट्रॅकरवर १५ सेकंदांचा फोटो काढा आणि चारही कोपरे शेजारी शेजारी ठेवून बघा. चारही कोपरे सारखेच किंचित वाईट असतील तर नग चांगला. एकच बाजू वाईट असेल तर फोकस थोडा थोडा बदलत पाच-सहा फोटो काढा. एका जागी डावी बाजू नेमकी होते, दुसऱ्या जागी उजवी, असं असेल तर सेन्सर किंवा ॲडॅप्टर तिरका आहे. लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून खात्री करा. फोकस कुठेही नेला तरी त्याच कोपऱ्यातले तारे त्याच दिशेला ताणलेले राहत असतील, तर भिंग केंद्रापासून सरकलेलं आहे. असा नग परत करा, घरी खोलायला जाऊ नका.

जुनी लेन्स घेत असाल तर रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, मधे कुठे अडत किंवा सुटत नाही ना. लेन्स आडवी धरून पुढचा भाग हलक्या हाताने हलवा; खुळखुळली तर सोडून द्या. काचेवरची धूळ किंवा एखादा ओरखडा आकाशाच्या फोटोंत काही बिघडवत नाही. त्यावरून भाव मात्र पाडता येतो.

माउंट कोणता घ्यावा? मिररलेस कॅमेरा असला तरी मी कॅनन ईएफ किंवा निकॉन एफ सुचवेन. तीच लेन्स ॲडॅप्टरने पुढच्या कॅमेऱ्यावर चढते, खगोल कॅमेऱ्यावरही चढते. मिररलेसच्या माउंटची घेतली की ती वाट बंद होते. निकॉनच्या एई आवृत्तीत चिप असल्याने ॲपर्चरची नोंद फोटोत राहते, पण कॅमेऱ्यातून ॲपर्चर बदलायचं असेल तर रिंग एफ/२२ वर ठेवावी लागते. बिनचिपची लेन्स सोनीसारख्या मिररलेसवर लावल्यावर शटर दाबूनही काही होत नसेल तर घाबरू नका. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करा.